बर्फाआधीचा खराटा

"आई, रविवारी तुमचं भाषण आहे," जावई म्हणाला आणि फ्रिजमध्ये डोकं घालून दही शोधायला लागला.

मी भाकरी थापत होते. कॅनडात, विनिपेगला येऊन मला अकरा दिवस झाले होते. अकरा दिवसांत मी दोन स्वेटर एकावर एक घालायला आणि दार उघडण्याआधी नाक झाकायला शिकले होते. त्यापलीकडे मला त्या देशाबद्दल काही माहीत नव्हतं.

"कसलं भाषण?"

"हिवाळ्याआधी लॉन नि अंगण कसं तयार करायचं. मराठी मंडळाचं शिबिर आहे. आपल्याच मागच्या अंगणात. दहा-बारा जण येतील."

"जावईबापू, मी बर्फ फक्त उसाच्या गुऱ्हाळात पाहिलाय. लाकडाच्या भुशात ठेवलेला."

"हेच मी मित्राला म्हटलं."

मित्रा म्हणजे माझी मुलगी. संघमित्रा. नाव तिच्या बापानं ठेवलं होतं, मोठ्या अभिमानानं. इथं येऊन तिनं त्यातला पहिला अर्धा कापून टाकला होता. मी तिला संघाच म्हणायचे. ती ओट्याशी पाठ करून उभी होती आणि एकच ताट तिसऱ्यांदा धूत होती.

"संघा, काय सांगितलंस तू लोकांना?"

"तू पुण्याच्या उद्यान विभागात होतीस म्हणून."

"मग खरंच आहे."

"सुपरिंटेंडंट होतीस म्हणून."

तव्यावर भाकरी फुगली आणि फुटली. जावयानं दही सापडल्यावरही फ्रिजमधून डोकं बाहेर काढलं नाही.

मी बिगारी होते. बागेतली झाडलोट करणारी बाई. सव्वीस वर्षं एकाच बागेत पानं झाडली, गवत खुरपलं, झाडांना आळी केली, मोकाट कुत्र्यांचं उचललं आणि माणसांचंही उचललं. त्यातून ही पोरगी इंजिनियर केली. सुपरिंटेंडंट साहेब महिन्यातून एकदा यायचे आणि गाडीतून उतरायचे नाहीत. आणि आता माझ्या पोटच्या पोरीनं मला त्या गाडीत बसवलं होतं.

"लाज वाटते ना माझी?"

"आई, रविवारपुरतं कर. माझ्यासाठी."

"वाटते की नाही, एवढं सांग."

"दामलेकाकूंनी सगळ्यांना कळवलंय. आता नाही म्हटलं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही." ताट तिनं चौथ्यांदा धुवायला घेतलं.

माझं परतीचं तिकीट मार्चचं होतं. नाहीतर मी त्याच रात्री निघाले असते, पायात जावयाचे बूट घालून.

दुसऱ्या दिवशी दामलेकाकू स्वतः आल्या. मंडळाच्या अध्यक्षा. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. मी दार उघडलं आणि त्यांनी दोन्ही हात जोडून नमस्कार केला.

"नमस्कार मॅडम. तुमच्याविषयी मित्रानं इतकं सांगितलंय."

मी नमस्कार केला नाही. माझे हातच वर आले नाहीत. कारण ही बाई मला माहीत होती. म्हणजे अगदी केसांच्या भांगापासून माहीत होती. पंधरा वर्षं ती आमच्या बागेत सकाळी सव्वासहाला फिरायला यायची. तीन फेऱ्या मारायची आणि चाफ्याशेजारच्या बाकावर मैत्रिणीबरोबर बसायची. आमच्या मुकादमाचा नियम होता, फिरायला येणारं माणूस दिसलं की खराटा थांबवायचा, वाटेतून बाजूला व्हायचं, अंगावर धूळ उडाली म्हणून तक्रार येता कामा नये. पंधरा वर्षं मी तिच्यासाठी रोज तीनदा खराटा थांबवला. तिनं मला कधी पाहिलं नाही. मी मात्र बाकामागची पानं गोळा करता करता तिचं सगळं ऐकलं. सासू गेली त्या दुपारी तिनं मोरीचं दार लावून तीन बर्फ्या खाल्ल्या होत्या. गौरीला घरी केले म्हणून मिरवलेले चिरोटे नारायण पेठेतल्या एका बाईकडून आलेले असायचे.

"बसा ना," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"आमच्या मंडळातल्या लोकांना बागेतलं काही कळत नाही हो मॅडम. माझंच घ्या. गेल्या वर्षी लॉनला थंडी वाजू नये म्हणून मी त्यावर सतरंज्या अंथरल्या."

"सतरंज्या?"

"सोलापुरी. सात. दगड ठेवून नीट दाबून. एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर सतरंजी उचलली की खालचं गवत सतरंजीबरोबरच येई. आणि वास तर असा की ह्यांनी खिडक्या उघडायच्या बंद केल्या."

मी हसले. खोटं कशाला सांगू, राग होता तरी मला हसू आवरेना. ती बाईपण हसायला लागली. पोरगी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून आमच्याकडे बघत होती. ती हसत नव्हती. तिच्या डोळ्यात काहीतरी होतं, भूक लागल्यासारखं. मला वाटलं, घाबरलीय.

"मग आम्ही रविवारी वह्या घेऊन येतो," जाताना दामलेबाई म्हणाल्या. "आणि मी चिरोटे आणते. घरी केलेले."

"आणा," मी म्हटलं. "तुमच्या हातचे खायचेत एकदा."

दार लावलं आणि मला कसली तरी झिंग चढली. अध्यक्षाबाई माझ्यासमोर वही घेऊन बसणार होत्या आणि मला त्यांच्या बर्फ्यांची संख्या माहीत होती. मी ठरवलं, करायचं. पोरीला लाज वाटते तर वाटू दे, तिच्याशी मार्चमध्ये बघते. पण करायचं तर असं की सुपरिंटेंडंटच्या बापाला जमलं नसतं.

आता बर्फ शिकायला चार दिवस होते. शिकवायला कुंपणापलीकडचा वासिल सापडला. युक्रेनहून फार वर्षांपूर्वी आलेला, ऐंशीला टेकलेला म्हातारा. त्याला मराठी येत नव्हतं आणि मला इंग्रजी. सकाळी तो त्याच्या अंगणात काहीतरी करायचा आणि मी कुंपणावरून बघायचे. पहिल्या दिवशी त्यानं मातीत तर्जनी खुपसली, बाहेर काढली, वास घेतला. मीही माझ्या बाजूला तेच केलं. आमच्या बागेत आळ्याला पाणी घालायचं की नाही हे आम्ही असंच ठरवायचो. वासिल कुंपणाजवळ आला. माझा हात त्यानं उलटा करून बघितला, बोटांच्या मुळाशी असलेले घट्टे अंगठ्यानं दाबले आणि स्वतःचा पंजा माझ्यापुढे धरला. तिथंही तेच होते. मग तो मोठ्यानं काहीतरी बोलला आणि आत जाऊन माझ्यासाठी गमबूट घेऊन आला.

चार दिवस आम्ही हातवाऱ्यांनी भांडलो. तो आकाशाकडे बोट दाखवायचा, दोन्ही हात खाली दाबायचा, मग गवत असल्यासारखा स्वतःच आडवा झोपून जीभ बाहेर काढायचा. म्हणजे बर्फाखाली पानं राहिली तर गवत कुजतं. गवत चार बोटांवर कापायचं, त्याहून लांब ठेवलं तर बर्फाखाली लोळतं आणि बुरशी धरते. काटेफावड्यानं जमिनीला वीत-वीत अंतरावर भोकं पाडायची, म्हणजे मुळांना हवा लागते. झाडांना शेवटचं पाणी भरपूर पाजायचं. रबरी नळी रिकामी करून गुंडाळायची आणि बाहेरचा नळ आतून बंद करायचा, नाहीतर आतलं पाणी गोठून पाइप फुटतो. पाइप फुटतो हे दाखवायला वासिलनं गाल इतके फुगवले की त्याचा बसवलेला दात निसटून गवतात पडला. आम्ही दोघं गुडघ्यावर बसून दात शोधत होतो तेव्हा जावई ऑफिसातून आला. तो तसाच परत गाडीत जाऊन बसला.

यात मला नवं काहीच नव्हतं. गवत गवतच असतं. त्याला श्वास घेऊ द्यायचा आणि वरचं ओझं काढायचं. बर्फ तेवढा नवा होता.

एक गोष्ट मात्र मला त्यांच्याकडची पटली नाही. दंताळं. त्यानं मोठी पानं येतात, बारीक कचरा गवतातच राहतो. म्हणून मी मागच्या ओढ्याकाठून विलो नावाच्या झाडाच्या लवचिक काड्या कापून आणल्या, जावयाच्या बुटाच्या नाडीनं आवळून बांधल्या आणि झकास खराटा केला. संघानं तो बघितला.

"हा रविवारी नको बाहेर काढूस," ती म्हणाली.

"का? सुपरिंटेंडंटला शोभत नाही?"

मी खराटा गॅरेजच्या भिंतीला टेकवून ठेवला.

रविवारी ऊन पडलं होतं आणि थंडी हाडं मोजत होती. मंगळवारी पहिला बर्फ येणार असं टीव्हीवर सांगत होते, त्यामुळे अकराच्या अकरा जण आले. टोप्या, मफलर, हातमोजे आणि काखेत वह्या. मी नऊवारी नेसले होते, वर जावयाचं जाकीट आणि खाली वासिलचे गमबूट. कुंपणावर हनुवटी टेकून वासिल बघत होता.

"मॅडम, एक शंका," टिपणीस नावाचे गृहस्थ पुढे झाले. बँकेतून निवृत्त झालेले, मुलाकडे राहणारे. "थंडीत माणूस केस वाढवतो. मग गवत का कापायचं?"

"तुमच्या डोक्यावर सहा महिने कुणी बसतं का?"

"नाही."

"गवतावर बसतं. लिहा."

त्यांनी लिहिलं. सगळ्यांनी लिहिलं. मी काहीही म्हणायचे आणि अकरा पेनं चालायची. मी खोकले तरी दोघांनी लिहून घेतलं. मला हे इतकं चढलं की मी पानांच्या ढिगात बुटासकट उभी राहून बोलायला लागले.

"गुलाबाला काय करायचं? लहान मुलाला थंडीत काय करतो? टोपडं. खोडाशी मातीची भर घालायची, वरून गोणपाट गुंडाळायचं, गोणपाटात सुकी पानं कोंबायची. सैल बांधा. गळा दाबू नका."

"सतरंजी चालेल?" दामलेबाईंनी मुद्दाम विचारलं आणि अख्खं अंगण हसलं. टिपणीस हसता हसता मागे सरले, रबरी नळीत त्यांचा पाय अडकला आणि ते सरळ पानांच्या ढिगात बसले. उठायच्या ऐवजी त्यांनी दोन्ही मुठी भरून पानं वर उडवली. मग कुणी कुणाला आवरलं नाही. साठीची माणसं एकमेकांच्या कॉलरमध्ये पानं कोंबायला लागली. जावई हातात चहाचा ट्रे घेऊन गोल फिरत होता आणि दामलेबाईंच्या टोपीवर एक लालभडक पान तुरा खोवल्यासारखं उभं होतं.

आणि ढीग सगळा विस्कटला. दोन दिवस घालून लावलेला ढीग.

मला राहवलं नाही. मी गॅरेजकडे गेले आणि खराटा घेऊन आले. कंबरेत वाकले आणि सुरू केलं. दोन लांब, एक आखूड. खर्र, खर्र, खट्. पान गोळा, पान गोळा, झटका. हातांना हे सांगावं लागत नाही. अकरा माणसं काय, मी विनिपेगही विसरले. पायऱ्यांपासून गुलाबांपर्यंत मी एक पट्टा स्वच्छ केला आणि खालच्या नजरेनं मला बूट येताना दिसले. बायकी बूट, जरा आत वळलेली पावलं, उजवा पाय थोडा घासत.

माझा खराटा थांबला. मी दोन पावलं बाजूला झाले, खराटा पाठीमागे धरला आणि तोंड कुंपणाकडे केलं.

आणि दामलेबाईंनी चालता चालता कोटाचा खालचा काठ चिमटीत उचलला, दुसरा हात नाकाशी नेला आणि सवयीच्या सुरात म्हणाल्या, "थांब गं जरा, जाऊ दे मला."

दोन पावलं पुढं गेल्यावर त्या थांबल्या.

मी तोंड वळवलं. त्याही वळल्या. त्यांच्या हातात अजून कोटाचा काठ होता. पंधरा वर्षांत त्यांनी माझं तोंड पाहिलं नव्हतं. मला त्यांनी माझ्या पाठीवरून ओळखलं.

अंगणात कुणीतरी अजून हसत होतं, ते हळूहळू बंद झालं.

"तुम्ही," दामलेबाई म्हणाल्या. मग, "चाफ्याजवळ..."

"हो. चाफ्याजवळ. बिगारी होते मी. सव्वीस वर्षं. सुपरिंटेंडंट कधीच नव्हते."

त्यांनी संघाकडे पाहिलं. "मित्रा, तू तर मला म्हणालीस की..."

मला वाटलं, झालं. आता पोरगी रडेल, माफी मागेल आणि मला तिच्यासमोर उभं राहून ते बघावं लागेल. संघा पायरीवरून खाली उतरली. तिचा आवाज कापत होता, पण रडण्यानं नाही.

"म्हणाले काकू. मुद्दाम म्हणाले. मी नऊ वर्षांची असताना शाळेआधी त्याच चाफ्याखाली बसून पाढे पाठ करायचे. तुमचा पाय एकदा माझ्या पाटीवर पडला होता. तुम्ही पाय पुसलात. इथं मंडळात पहिल्यांदा भेटलात ना, तेव्हाच मी तुम्हाला ओळखलं होतं. तुम्ही आम्हाला ओळखणार नाही, याची मला खात्री होती. मला एकदाच बघायचं होतं, तुम्ही वही घेऊन आईसमोर उभ्या आहात. बस."

पाच दिवस मी या पोरीशी धड बोलले नव्हते. ताट चौथ्यांदा धुणारी, दारात उभी राहून भुकेल्यासारखी बघणारी. लाज नव्हती ती. माझाच राग होता, माझ्याच रक्तातून उतरलेला, चोवीस वर्षं दाबून ठेवलेला. आणि मी तो लाज समजून बसले होते. मला हसू फुटलं. असं फुटलं की खराट्यावर रेलून उभं राहावं लागलं. संघा माझ्याकडे बघत राहिली आणि मग तीही हसायला लागली, डोळ्यातून पाणी येईपर्यंत. बाकीचे लोक आम्हा दोघींकडे वेड्यांकडे बघावं तसं बघत होते.

"पण संघा, चुकलीस तू," मी दम घेऊन म्हटलं.

"काय चुकले?"

"यांनी वहीत लिहिलं ते सुपरिंटेंडंट मॅडमचं. माझं कुणी अजून एक अक्षर लिहिलेलं नाही."

मी अंगणाकडे तोंड केलं.

"ऐका. गवत, गुलाब झालं. नळ, भोकं आणि शेवटचं पाणी राहिलंय. ते बिगारी सांगणार आहे. ज्याला ऐकायचं त्यानं थांबावं. ज्याला नको त्यानं चहा घेऊन जावं, जावयानं आलं घातलंय."

एक जोडपं गाडीची किल्ली चाचपत निघालं. चहासुद्धा घेतला नाही. टिपणीस ढिगातच बसले होते, केसात पानं अडकलेली. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं आणि म्हणाले, "नळ. सांगा."

दामलेबाईंनी वही मिटली. पर्समध्ये ठेवली. चिरोट्यांचा डबाही उचलला आणि फाटकाकडे चालायला लागल्या. कुणी त्यांना थांबवलं नाही. मी नळाचं सांगायला सुरुवात केली, आतून बंद करा, बाहेरून उघडा ठेवा, राहिलेलं पाणी निथळू द्या. बोलताना माझा एक डोळा फाटकावर होता. त्या तिथं उभ्या होत्या. फाटकाची कडी त्यांच्या हातात होती. त्यांनी वर आभाळाकडे पाहिलं. सकाळचं ऊन गेलं होतं, उत्तरेकडून करडं काहीतरी सरकत येत होतं.

मी भोकांवर आले तेव्हा त्या परत येऊन मागे उभ्या राहिल्या होत्या.

"किती अंतरावर?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे न बघता.

त्यांचं मन बदललं म्हणून त्या परत आल्या, असं मी तेव्हाही मानलं नाही आणि आजही, इतक्या वर्षांनी, मानत नाही. मंगळवारी बर्फ होता आणि सात सतरंज्या त्यांनी आधीच घालवल्या होत्या. मला तेवढं पुरलं.

"वीतभर," मी म्हटलं. "उभ्यानं कळत नाही. खाली वाकून मोजावं लागतं."

त्यांनी पर्स पायरीवर ठेवली. डबाही ठेवला. आणि वाकल्या. गुडघे कडकड वाजले. अंगठा आणि करंगळी ताणून त्यांनी थंडगार मातीवर वीत टेकवली, मग दुसरी, मग तिसरी. कुंपणावरून वासिल काहीतरी म्हणाला आणि हातानं दाखवलं, अजून जवळ. त्यांनी वीत जवळ घेतली.

दुपारभर काम चाललं. भोकं पाडून झाली, गुलाबांना टोपडी घातली, नळी गुंडाळली. संघा पोती धरत होती, मी झाडत होते. चारच्या सुमाराला दामलेबाई मातकट हातांनी चिरोट्यांचा डबा घेऊन माझ्याच पट्ट्यातून पलीकडे निघाल्या. खालच्या नजरेला पुन्हा तेच बूट दिसले, उजवा पाय थोडा घासत. माझे हात आखडले. मी हातांना दामटून पुढं रेटलं. खर्र, खर्र, खट्.

बूट थांबले. मी थांबले नाही. मग बूट बाजूला झाले आणि ओल्या गवतातून लांबचा वळसा घालून पलीकडे गेले.